दुःखातल्या माणसाकडून आभाराची वसुली नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागे कठीण काळात कृतज्ञता कशी जपावी यावर एक लेख आला होता. विषय अगदी जवळचा आहे आणि त्यावर लिहिलं गेलंच पाहिजे असं माझं मत आहे, पण त्यात जो सल्ला दिलाय की आपल्याहून वाईट अवस्थेतल्या माणसाकडे बघावं म्हणजे आपलं दुःख हलकं होतं आणि आपोआप आभार मानावेसे वाटतात, तो मला अजिबात पटला नाही आणि का पटला नाही ते जरा सविस्तर लिहितेय. पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

आमच्या घरी काही वर्षांपूर्वी ह्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि त्याच सुमारास माझी नोकरीही सुटली. ते सगळं इथे उगाळत बसत नाही, ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगते की तेव्हा भेटायला येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस निघताना म्हणायचं, अगं जीव वाचला ना, मग आभार मान, कितीतरी जणांचं तेवढंही होत नाही. मंडळी प्रेमाचीच होती, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ऐकताना वाटायचं कुणीतरी हप्ता वसूल करायला दारात उभं आहे आणि आपल्याकडे द्यायला काहीच नाही. आणि शेजारच्या बेडवर आमच्याहून गंभीर पेशंट होता, त्याच्याकडे बघून मी बरं वाटून घ्यायचं तर त्याच्या बायकोने कुणाकडे बघायचं? ही उतरंड संपते कुठे? सगळ्यात खालच्या पायरीवर जो माणूस आहे त्याला आपण काय सांगणार? दुसऱ्याच्या संकटाकडे बघून जे हायसं वाटतं त्यात मला भीतीच जास्त दिसते, की आज तो आहे, उद्या मी असेन. असं हायसं वाटणं टिकत पण नाही, रात्र झाली की गेलं.

तरी कृतज्ञता आली, आणि खरीखुरी आली. पण ती कुणी सांगितलं म्हणून आली नाही. वॉर्डमध्ये एक मावशी होत्या, चादरी बदलणं, पेशंटला कुशीवर वळवणं, अंग पुसणं हे त्यांचं काम. ह्यांना तेव्हा एक शब्द बोलता येत नव्हता आणि आलेगेलेले सगळे ह्यांच्याबद्दल माझ्याशी बोलायचे, झोप लागली का त्यांना, दुखतंय का त्यांना, जणू हे तिथे नाहीतच. ह्या मावशी मात्र बेडजवळ आल्या की आधी ह्यांच्या तोंडाकडे बघून म्हणायच्या, साहेब, कूस बदलते हं, आणि मग थांबायच्या. खरंच थांबायच्या. हे डोळ्यांनी हो म्हणेपर्यंत हात लावायच्या नाहीत. त्यांच्यावर अख्ख्या वॉर्डाचा भार होता, एवढं थांबायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे कुणी पैसेही देत नव्हतं. मी ते बघितलं तेव्हा मला आतून जे वाटलं तेच आभार असावेत असं मला वाटतं, आणि ते वाटत असताना माझं दुःख एका कणाने पण कमी झालेलं नव्हतं. दोन्ही एकदमच होतं. रडू पण येत होतं आणि ह्या बाईंच्या पाया पडावंसं पण वाटत होतं.

हे दोन्ही एकदम असणं, ह्याबद्दल नंतर वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत हल्ले झाले त्याच्या काही महिने आधीच बार्बरा फ्रेडरिक्सन ह्या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी काही कॉलेजच्या मुलांचा अभ्यास करत होते, मग हल्ल्यानंतर त्यांनी त्याच मुलांना परत गाठलं. जी मुलं त्या धक्क्यातून सावरत होती त्यांना दुःख, राग, भीती वाटतच नव्हती असं काही नव्हतं, ते सगळं वाटतच होतं, पण त्याच्या जोडीला आपली माणसं जिवंत आहेत याची कृतज्ञता, प्रेम, कुतूहल असंही काही वाटत होतं, आणि त्या जोडीच्या भावनांमुळे ती डिप्रेशनपासून बरीच वाचली असा त्यांचा निष्कर्ष २००३ साली छापून आला. जोडीला, हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सल्ला देणारे नेहमी बदल्यात मागतात, रडणं सोड आणि आभार मान, तक्रार सोड आणि पॉझिटिव्ह हो. अहो सोडायचं कशाला, दोन्ही मावतं माणसाच्या मनात.

त्याच वर्षी म्हणजे २००३ मध्येच रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो यांचा अभ्यास आला होता, कृतज्ञतेची डायरी लिहा वगैरे जे आजकाल सगळीकडे सांगतात त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. त्यातला कॉलेजच्या मुलांचा भाग सगळे सांगतात, पण मला त्यातला शेवटचा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण तो स्नायू आणि नसांच्या कायमच्या आजाराने त्रासलेल्या माणसांवर केलेला होता, त्यात पोलिओ होऊन गेल्यावर कितीतरी वर्षांनी पुन्हा त्रास सुरू झालेले लोकही होते. त्यांनी २१ दिवस रोज आज कशाबद्दल आभार वाटतात ते लिहिलं. आजार होता तिथेच राहिला, तो काही डायरीने जाणार नव्हता. पण ज्यांनी लिहिलं त्यांना झोप जास्त लागली, उठल्यावर ताजंतवानं वाटलं, इतर माणसांशी आपलं नातं घट्ट आहे असं वाटलं, आणि हा फरक त्यांच्या घरच्यांनाही जाणवला. ज्याने रात्र रात्र पेशंटशेजारी काढलीय त्यालाच कळेल की थोडी जास्त झोप ही केवढी मोठी गोष्ट आहे.

आता प्रश्न असा की मग हे आपोआप का होत नाही, मुद्दाम बसून का लिहावं लागतं. एक तर मनाची ठेवणच अशी आहे की वाईट ते आधी दिसतं आणि जास्त वेळ टिकतं. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याबद्दलचे ढीगभर अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की चांगल्या अनुभवापेक्षा वाईट अनुभवाचा ठसा जवळपास सगळीकडेच खोल उमटतो, नात्यांत, पैशात, शिकण्यात, आरोग्यात. धोका लवकर ओळखणारा वाचतो म्हणून ही ठेवण आली असणार आणि तिचा उपयोगही आहेच. पण संकटाच्या काळात तिचा असा परिणाम होतो की दिवसभरात दहा माणसं नीट वागली आणि एक खेकसला तर रात्री अंथरुणावर तो खेकसणाराच आठवतो. म्हणजे खरं काय घडलं त्याचं चित्र आपल्यापाशी अर्धंच असतं. त्यामुळे रात्री बसून ती दहा माणसं आठवणं याला कुणी मनाची समजूत घालणं म्हणत असेल तर मी म्हणेन नाही, तो हिशोब पूर्ण करणं आहे. खेकसणारा खोडून टाकायचा नाही, तोही राहू दे, पण बाकीचे दहा गाळू नका.

आणि दुसरं म्हणजे सवय. १९७८ चा एक जुना आणि गाजलेला अभ्यास आहे, लॉटरी लागलेली माणसं आणि अपघाताने लुळी झालेली माणसं यांची साध्या माणसांशी तुलना केलेला. लॉटरीवाले बाकीच्यांपेक्षा फार सुखी वगैरे निघाले नाहीत, उलट मित्राशी गप्पा, वाचन अशा रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची मजा कमी झालेली होती. अपघातवाले इतरांपेक्षा कमी सुखी होते, हे लपवायचं कारण नाही, पण सगळे समजतात तितके ते दुःखी नव्हते. अभ्यास लहान होता, मोजून २२ लॉटरीवाले आणि २९ अपघातवाले, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये, पण जे मिळतं त्याची सवय होते आणि सवय झाली की ते दिसेनासं होतं हे आपण सगळे जाणतोच. ह्यांचा उजवा हात नीट होता तेव्हा त्या हाताकडे आमच्यापैकी कुणीही कधी बघितलं नव्हतं.

मग वाईट अवस्थेतल्या माणसाकडे बघायचं नाही तर काय करायचं? मला जी पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते ती म्हणजे आपल्याच आयुष्यातली एखादी चांगली गोष्ट मनातल्या मनात वजा करून बघणं. मिंक्युंग कू, टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट वगैरे मंडळींनी २००८ मध्ये हे तपासलं होतं. त्यांनी काही जणांना आपला जोडीदार आपल्याला कसा भेटला ते लिहायला सांगितलं आणि काही जणांना तो कसा भेटलाच नसता ते लिहायला सांगितलं, म्हणजे त्या दिवशी मी गेलेच नसते तर, त्याची बदली झालीच नसती तर. लोकांचा अंदाज होता की भेटीची गोड आठवण लिहिणाऱ्यांना जास्त छान वाटेल. झालं उलटं, भेटलाच नसता असं लिहिणारे आपल्या नात्यात जास्त समाधानी निघाले. मला हे अगदी पटतं कारण यात दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं दुःख वापरावं लागत नाही. आपलंच आहे, आपणच वजा करायचं, आपणच परत ठेवायचं.

मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ज्या पद्धती तपासल्या त्यात रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायची एक होती, एक आठवडाभर करायची, आणि त्याचा फायदा पुढे सहा महिन्यांपर्यंत दिसला. ती आता सगळ्यांना माहीत आहे, फॉरवर्ड होऊन होऊन गुळगुळीत झालीय, पण फॉरवर्डमध्ये तिचा अर्धा भाग गळून जातो. मूळ पद्धतीत प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचं असतं. आणि का घडली म्हणून शोधायला गेलं की जवळपास दर वेळी एखादा माणूस सापडतो. आज ऊन छान पडलं, पक्षी दिसला, ते ठीक आहे, तेही लिहावं. पण आज रिपोर्ट वेळेवर मिळाला, का मिळाला, तर लॅबमधल्या मुलाने सुट्टी असूनही थांबून दिला, इथवर आलं की तुम्हाला एकटं वाटणं जरा कमी होतं. कठीण काळातलं सगळ्यात मोठं दुखणं एकटेपणाचं असतं असं माझं ठाम मत झालंय. म्हणून मी म्हणते आभार वस्तूंपाशी थांबवू नयेत, त्यांच्यामागच्या माणसापर्यंत न्यावेत.

आणि त्या माणसाला ते सांगावं! मनात ठेवू नये. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये काही लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि विचारलं की समोरच्याला कसं वाटेल, मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, आपले शब्द नीट जमले नाहीत, त्याला कशाबद्दल आभार मानतोय ते तर माहीतच असेल. ज्यांना पत्रं मिळाली त्यांना लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी अवघडलं, जास्त आनंद झाला, आणि कशाबद्दल आभार मानलेत ते वाचून लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आश्चर्यही वाटलं. शब्द कसे जमलेत हे घेणारा बघत नाही, लिहिणाऱ्यालाच त्याची काळजी असते. ह्यामुळे किती आभार न सांगताच राहून जात असतील, विचार केला तरी वाईट वाटतं.

आता एका गोष्टीबद्दल लिहायचंय जी त्या लेखात नव्हती आणि सहसा कुणीच लिहीत नाही. जो माणूस अंथरुणावर आहे त्याचं काय? सांभाळणाऱ्याला कृतज्ञता सुचवणं सोपं आहे, पण ज्याला पाणी प्यायचं तरी दुसऱ्याने उठावं लागतं त्याला दिवसभर आभारच मानत बसावं लागतं, ह्याचा विचार आपण करतो का? ह्यांना थोडं थोडं बोलता यायला लागलं तेव्हा सुरुवातीच्या शब्दांत थँक्यू होता आणि सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं, पण थोड्याच दिवसांत तो शब्द म्हणताना ह्यांचा चेहरा कसनुसा व्हायला लागला. उपकाराचं ओझं आणि कृतज्ञता ह्यात फरक आहे, ओझ्याने माणूस लहान होतो. मदत घेणारा फक्त घेतच राहिला तर कितीही गोड शब्दांत आभार मानले तरी ते ओझंच होतं.

त्यातून वाट निघाली ती फिजिओथेरपिस्ट मुलीमुळे. ती अजून शिकत होती, परीक्षा तोंडावर आलेली, तर ह्यांच्या हाताचा व्यायाम घेता घेता स्नायूंची, नसांची नावं मोठ्याने म्हणत पाठ करायची. हे आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेले शिक्षक. एक दिवस ती चुकली आणि ह्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर टकटक केलं. तिने परत म्हटलं, परत टकटक. मग तिने पुस्तक उघडून बघितलं तर खरंच चुकलं होतं. तिथून पुढे रोजचंच झालं, ती म्हणायची आणि चुकली की टकटक व्हायची, आणि जाताना ती म्हणायची थँक्यू सर. तो सर शब्द ऐकून ह्यांना जे वाटायचं ते मला चेहऱ्यावर दिसायचं. म्हणून पेशंटला आनंदी राहा, आभार मानत राहा असं सांगण्यापेक्षा त्याच्याकडून काहीतरी घ्या हो, सल्ला घ्या, ओळखीचा एखादा फोन नंबर विचारा, मुलांच्या वह्या तपासायला द्या, त्याला कुणीतरी थँक्यू म्हणेल अशी सोय करा. आभार देता यायला आधी आभार मिळावेही लागतात असं मला वाटतं.

कृतज्ञतेच्या मर्यादाही स्पष्ट लिहायला हव्यात नाहीतर लोकांचं नुकसान होतं. डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी २७ अभ्यास एकत्र करून तपासलं की कृतज्ञतेच्या ह्या पद्धतींनी डिप्रेशन आणि अँग्झायटी किती कमी होते, २०२१ मध्ये ते छापून आलं, तर फरक पडतो पण थोडासाच, आणि ज्यांना हा त्रास आहे त्यांनी यावर अवलंबून न राहता ज्यांचा गुण सिद्ध झालाय ते उपचार घ्यावेत असं त्यांनी स्वच्छ म्हटलंय. त्यामुळे ज्याला महिनोन्महिने झोप नाही, जगावंसं वाटत नाही अशा माणसाच्या हातात डायरी देऊन मोकळं होऊ नका, त्याला डॉक्टरकडे न्या, सोबत जा. डिप्रेशनमधल्या माणसाला चांगल्या गोष्टी लिही म्हटलं आणि त्याला एकही सुचली नाही तर तो अजूनच खचतो, की बघा मी इतका वाईट आहे की मला आभारसुद्धा मानता येत नाहीत.

दुसरी मर्यादा मला जास्त चीड आणते. कृतज्ञतेचा वापर तोंड बंद करायला होतो. पगार वेळेवर मागितला की नोकरी आहे हेच नशीब समजा. घरात मारहाण होते म्हटलं की डोक्यावर छप्पर आहे ना. औषध मिळत नाही म्हटलं की बेड तरी मिळाला ना. असं म्हणणारी माणसं नेहमी वरच्या बाजूला उभी असतात, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? २०२० मध्ये कोरोनात जगभर लोकांनी खिडक्यांत, गॅलऱ्यांत उभं राहून डॉक्टर, नर्स, सफाई कामगार यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ब्रिटनमध्ये तर दर गुरुवारी रात्री ८ वाजता. त्या टाळ्या मनापासून होत्या आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हेही खरं. पण त्याच वेळी कितीतरी नर्स सांगत होत्या की आम्हाला मास्क द्या, गाऊन द्या, धड पगार द्या. ज्याचे आभार मानायचे त्याचं म्हणणं ऐकायचंच नाही तर ते आभार कसले. मलाही वॉर्डमधल्या त्या मावशींबद्दल नुसतं भारावून जाऊन चालणार नाही, एवढ्या पेशंटमागे एकच बाई का, हेही त्याच तोंडाने विचारलं पाहिजे, आणि मी ते तिथे लेखी विचारलं होतं.

शेवटी तुमच्याकडे एक मागणी आहे, म्हणजे मुख्य त्यासाठीच हे पत्र. दुःखातही हसतमुख अशा मथळ्याखाली आजारी माणसांचे फोटो छापणं कृपया कमी करा, ज्याला हसू येत नाही तो माणूस ते वाचून घरात मान खाली घालतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा छोटीशी जागा द्या जिथे वाचक कुणाचे तरी आभार मानतील. आठ दहा ओळी पुरेत. अट एकच ठेवा, की देवमाणूस, देवदूत, शब्द अपुरे पडतात असलं काही चालणार नाही, त्या माणसाने नेमकं काय केलं ते लिहायचं, कुठल्या वेळी केलं आणि ते त्याने केलं नसतं तर काय झालं असतं तेही लिहायचं. नाव त्या माणसाला विचारूनच छापा, काहींना आवडत नाही आणि काहींच्या नोकरीवर पण येऊ शकतं. आणि छापून आलेला अंक त्या माणसापर्यंत पोचेल एवढं बघा, कारण पुष्कळदा अशी माणसं पेपर घेत नाहीत किंवा वाचायला त्यांना वेळ नसतो.

आणि हो, ही जागा वाचकांच्या तक्रारींच्या सदरातून कापू नका. ते सदर आहे तेवढंच राहू दे, ही दुसरीकडून काढा.

आपली,
एक नियमित वाचक